हँडल, डायनॅमो आणि धुळे-जळगाव रस्ता

अँबॅसिडरच्या पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून ती फिरवणारा माणूस जुन्या छायाचित्रात दिसला की आज हसू येते. कॅडिलॅकने १९१२ सालीच विजेचा स्टार्टर दिला होता. मग भारतात पुढे अर्धशतक हँडल कशाला? ‘आपण मागे होतो’ हे त्याचे नेहमीचे उत्तर घाईचे आहे. सेल्फ आला आणि प्रश्न मिटला असे सांगणारा इतिहास, ती बॅटरी भरत कशी होती, हे विचारीतच नाही.

१९२०-३०च्या दशकांतील सहा व्होल्टच्या मोटारीचा डायनॅमो साधारण दहा अँपिअर, म्हणजे जेमतेम साठ वॅट देई. त्यातले बहुतेक पुढचे दोन दिवेच खात. सेल्फला मात्र क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर लागत.

शिवाय हे साठ वॅटही वेगात असतानाच. गाडी हळू चालली की डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा खाली येई. वीज उलटी वाहू नये म्हणून कटआउट त्याला तोडून टाकी. मग डायनॅमो अधिक वेगाने का फिरवला नाही? कारण त्याची सारी वीज फिरत्या आर्मेचरमधून, कम्युटेटर आणि ब्रश यांच्यामार्फत बाहेर येते. गती फार वाढली तर ब्रशपाशी ठिणग्या उडतात आणि तारांची वेटोळी जागा सोडतात. इंजिनाच्या कमाल वेगाला सांभाळायचे, तर किमान वेगाला उपाशी ठेवणे भाग होते.

आता हे यंत्र खानदेशात आणून पाहावे. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचे ठाणे धुळे, पूर्वेचे जळगाव. दोहोंमध्ये थेट रेल्वे नाही, चाळीसगावचा वळसा पडतो. पारोळा-एरंडोलवरून जाणारा सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता मोटारीला साहजिकच सोयीचा. पण कापसाच्या हंगामात, रात्री, बैलगाड्यांच्या रांगेमागे दोन्ही दिवे लावून सरपटणारी मोटार दर मैलाला बॅटरी रिकामी करीत असे. सकाळी सेल्फ नुसता कण्हे. अशा मरगळलेल्या बॅटरीत इंजिन फिरवण्याचे बळ नसले, तरी ठिणगीपुरती चार-दोन अँपिअर वीज उरलेली असे. तेवढ्यावर हँडल काम भागवी. त्याला मागासलेपण म्हणणे म्हणजे हिशेब न पाहता निकाल देणे.

उन्हाळ्यात संकट नेमके उलटे. त्या काळच्या अनेक डायनॅमोंत वेगासोबत वीज भरमसाट वाढू नये म्हणून ‘तिसरा ब्रश’ असे. पण बॅटरी भरली आहे की रिकामी, हे त्याला कळत नसे. भरलेल्या बॅटरीतही तो वीज ढकलत राही; आतले पाणी वायू होऊन उडे, पट्ट्या झिजत, आणि उष्णतेने हे सारे झपाट्याने घडे. जळगाव-भुसावळकडचा मे महिना तर पंचेचाळीस अंशांचा! म्हणून ऋतू पाहून हा ब्रश हाताने सरकवावा लागे. लांबच्या दिवसाच्या प्रवासात दिवे चालू ठेवा, असाही सल्ला दिला जाई. भर उन्हात दिवे लावलेल्या गाडीचा चालक विसराळू वाटेल. तो बॅटरी वाचवत होता.

पुढे व्होल्टेज रेग्युलेटरने हा दुसरा दोष आवरला. पहिला मात्र टिकला. सुरुवातीच्या अँबॅसिडरमध्येही डायनॅमोच होता. क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंट गाडीत ऑल्टरनेटर दिला, तेव्हा कोठे गाठ सुटू लागली. त्यात मुख्य वीज स्थिर वेटोळ्यातून निघते, उलटा प्रवाह सिलिकॉनचे डायोड अडवतात, आणि यंत्र निर्धास्त वेगाने फिरवता येते.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, ही नोंद इतिहासात सापडते. कोणत्या संस्थानिकाकडे पहिली मोटार आली, यावर तर वाद रंगतात. चैत्र लागताच ब्रश मागे सरकवणारा मिस्त्री मात्र कुठेच नाही. त्याला शोधायचे तर जुन्या पेढ्यांच्या खतावण्या उघडाव्या लागतील. तिथे पेट्रोलच्या खर्चाशेजारी बॅटरी भरणावळ, डिस्टिल्ड पाणी आणि ब्रश यांच्या रकमा सापडल्या, तर आधी पौष आणि वैशाख हे दोन महिने शेजारी ठेवून पाहावेत.