पाण्याखालचा श्वास

गेल्या पौषांत चिरंजीवांच्या आग्रहास्तव अंदमानांतील स्वराज द्वीपास, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकास, जाणें घडलें. आणि ऐन पन्नाशींत हवेचें नळकांडें पाठीस बांधून मी समुद्रांत उतरलों. शिक्षकाचा पहिलाच दंडक : श्वास कदापि रोखावयाचा नाहीं! मुंजीपासून प्राणायामांत कुंभक करीत आलेल्या मला हें विपरीत वाटलें. पण कारण सयुक्तिक होतें. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट. तेथला श्वास कोंडून वर आल्यास हवा फुगून फुप्फुस फाटावयाचें.

चष्म्यांत पाणी शिरलें मात्र, भीतीनें छातींत कुंभक आपोआप झालाच! शिक्षकानें दंड धरून स्वतःच्या बुडबुड्यांकडे बोट दाखविलें. मी निःश्वास सोडला. समोर समुद्रफुलांत नारिंगी मासा निर्धास्त डोलत होता.

“काय काय पाहिलेंत?” किनाऱ्यावर सौ.नें विचारलें. एक मासा नि पुष्कळ बुडबुडे, एवढेंच सांगतां आलें.