ग्लायडर किती लांब जातो, की कसा वळतो?

शिक्षक मित्रांनो, तिसरी-चौथीच्या वर्गात कागदी विमानं उडवली की आपण टेप काढतो आणि अंतर मोजतो. ज्याचं सगळ्यात लांब गेलं, त्याचा पहिला नंबर. माझं मत असं की इथे आपण अर्धा धडाच सोडून देतो. ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, उडवणारे लोक अंतराचा आकडा बघतातच, पण त्यांचा जीव जडतो तो दुसऱ्याच गुणावर. आपल्याकडचा शेतकरी बैल घेताना काय करतो ते आठवा. ताकद बघतो, दात बघतो, पण जुंपून एक फेरी मारल्याशिवाय पैसे देत नाही. कासरा जरासा ओढला की बैल वळतो का, हे हातालाच कळावं लागतं.

आधी तो आकडा समजून घेऊ. शांत हवेत १ किलोमीटर उंचीवरून ग्लायडर किती किलोमीटर पुढे जाईल, हे त्याचं घसरण-प्रमाण. जुन्या लाकडी शिकाऊ ग्लायडरचं विशीच्या आसपास असायचं. १९८० साली आलेल्या जर्मन एलएस-४ चं ४० च्या घरात आहे. जर्मनीचाच ईटा नावाचा ग्लायडर ७० च्या घरात जातो, पण त्यासाठी त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ ३१ मीटर लांब आहेत!

आणि खरी गंमत इथेच आहे. पंख जितके लांब तितका आकडा वाढतो, पण ग्लायडर वळायला तितकाच सुस्त होतो. समजा पायलटला उजवीकडे वळायचंय. तो स्टिक उजवीकडे झुकवतो, तसा डावा पंख वर उचलला जातो. वर उचलणाऱ्या पंखाला हवा जास्त अडवते, त्यामुळे तो मागे ओढला जातो आणि नाक क्षणभर उलट डावीकडेच जातं. म्हणून त्याच वेळी पायाने उजवं पेडल दाबून शेपटीचा रडर फिरवावा लागतो. हात-पाय जुळले की नाही हे सांगणारं साधन काय असेल? समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा एक दोरा. दोरा सरळ मागे राहिला तर बरोबर, तिरका झाला तर चूक. मुलांना हे सांगा, त्यांचा विश्वास बसत नाही.

मग पायलटला आवडतो कोणता? एलएस-४ चं नाव इतकी वर्षं का घेतात, तर तो हाताला हलका आहे, चुकलं तरी सावरू देतो. के-८ हा १९५७ चा लाकडी पंखांचा, कापड चढवलेला छोटा ग्लायडर. आकड्यात आजच्या ग्लायडरपुढे कुठेच नाही. पण हलका असल्याने छोट्याशा गरम झोतातही घारीसारखा जागच्या जागी घिरट्या घालतो, आणि लोक आजही तो हौसेने उडवतात. उलट एएसके-२१ हा शिकवायचा दोन सीटांचा ग्लायडर गाईसारखा गरीब. इतका गरीब की गिरकी खाऊन खाली कसा येतो हे शिकवायचं तर शेपटीला जास्तीची वजनं लावावी लागतात. शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालणारं साधन नेहमी चांगलंच असतं का, यावर मी अजून विचार करतोय.

आपल्या देशाचे ग्लायडर मुलांना जरूर सांगा, कारण त्यांची नावं आपल्या मुलांना पाठ आहेत. अश्विनी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा! घरी आजोबा पेरणीची बोलणी ज्या नक्षत्रांवर करतात, तीच. नागरी विमान खात्याच्या दिल्लीतल्या केंद्रात अश्विनी (१९५८) आणि रोहिणी (१९६१) तयार झाले. रोहिणीत दोन सीटा शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे ग्लायडर रुंद होतो, हवा जास्त अडते, आकडा घसरतो. एकामागे एक सीटा असल्या तर ग्लायडर सडपातळ होतो आणि शिकणारा बरोबर मधोमध बसतो. १९७९ चा आर्द्रा तसा आहे.

तरी माझं मत रोहिणीला. मागे बसलेल्या गुरुजींना शिकणाऱ्याचं फक्त डोकं दिसतं. शेजारी बसलं की स्टिक किती घट्ट आवळलीय तेही दिसतं आणि चेहराही दिसतो. तुम्ही म्हणाल, पुढे एकट्यालाच उडवायचंय, मग मधोमध बसायची सवय नको का? हवी ना. पण पहिल्या दहा दिवसांत नको.

आपल्यापासून जवळचं ठिकाण म्हणजे पुण्याचं हडपसर ग्लायडिंग सेंटर. तिथे विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने तार भराभर गुंडाळून ग्लायडर पतंगासारखा वर चढवतात. पुढे उंची हवेकडूनच मिळवायची. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला गेला असाल तर कड्यावरून वर येणारा वारा अंगावर घेतलाच असेल. हवा डोंगराला धडकून वर चढते, आणि अशाच वाऱ्यावर ग्लायडर तासन् तास राहू शकतो.

वर्गात एवढं करून बघा. सगळ्यांना एकाच घडीचं विमान आणि एकेक जेमक्लिप द्या. क्लिप नाकाशी लावली की विमान सरळ आणि हट्टी जातं, फार झालं तर नाकावर आपटतं. क्लिप मागे सरकवली की नाक वर-खाली करतं, झोके खातं. खऱ्या ग्लायडरमध्येही हेच, म्हणून हलक्या अंगाच्या पायलटला सीटपाशी वजन ठेवावं लागतं. मग पंखाची मागची कड एका बाजूला किंचित वर दुमडा आणि विचारा, "कोणतं विमान तुमचं ऐकतं?" टेप कपाटातच राहू द्या. घारी दिसल्या तर वळताना त्या शेपूट कशी पिळतात तेही बघायला लावा. आणि हे सगळं परिपाठानंतर लगेच घ्या. एप्रिलात अकरा वाजून गेले की मैदानावर वावटळ येते आणि विमानं थेट शेजारच्या रानात.