हवा भरावी बेताने

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला ताईकडे गेले होते. रविवारी सकाळी उठून पाहते तो भावोजी अंगणात घामाघूम! हातात उभा पंप आणि समोर भाचीची एअर रायफल. भाची वर्षभरापासून क्लबमध्ये नेमबाजी शिकते आहे आणि त्या दिवशी तिची स्पर्धा होती.

"आज काटा लाल रेघेच्या पार नेतो," भावोजी म्हणाले. "जितकी हवा जास्त, तितका छर्रा जोरात!"

भाचीने धावत येऊन पंपाचा दांडाच धरला. "बाबा, नको ना! सरांनी सांगितलंय, रेघेपाशी थांबायचं."

भावोजींच्या या उत्साहामागचे कारण ताईने मला चहा देताना सांगितले. महिन्यापूर्वीच्या स्पर्धेला भावोजींनी "आहे की अजून हवा, पुरेल" म्हणून सिलिंडर न भरताच पोरीला नेले होते. पहिले चाळीस छर्रे उत्तम लागले. पुढचे एकेक करत खाली घसरू लागले. घरी येऊन पोर उशीत तोंड खुपसून रडली. "माझा हातच वाईट आहे," म्हणाली. दोन दिवसांनी सरांनी रायफल पाहिली तेव्हा कळले, हात बरा होता, हवा संपत आली होती.

आपल्यापैकी पुष्कळांची छर्‍याच्या बंदुकीशी ओळख जत्रेतल्या फुग्यांपुरतीच असते. ती बंदूक मोडून पुन्हा सरळ केली की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की ती सुटते आणि समोरची हवा दाबून छर्‍याला ढकलते. म्हणजे प्रत्येक वेळी नवी मेहनत आणि नवी हवा, त्यामुळे जोरही जवळजवळ सारखाच. स्पर्धेच्या रायफलीचा प्रकार वेगळा. तिच्या नळीखाली एक सिलिंडर असते आणि त्यात हवा आधीच ठासून भरलेली असते. दर छर्‍याला त्यातली थोडी थोडी खर्च होते.

ही हवा किती ठासलेली असते? मोटारीच्या टायरमध्ये दोन बारहून थोडा अधिक दाब असतो. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एका बारने जास्त असतो. आणि या सिलिंडरमध्ये चक्क २०० बार! समजा, सिलिंडर पेलाभर मापाचे, म्हणजे २०० मिलिलिटरचे आहे. त्यात ४० लिटर हवा मावते. पेल्यात दोन मोठ्या बादल्या!

मग भावोजींचे गणित कुठे चुकले?

चाप ओढला की एक छोटी हातोडी व्हॉल्ववर आदळते, तो क्षणभर उघडतो आणि हवा सुटते. पण सिलिंडरमधला दाबच त्या व्हॉल्वला आतून बंद धरून ठेवत असतो. दाब फार वाढला की हातोडीचा ठोका अपुरा पडतो, व्हॉल्व जेमतेम उघडतो आणि छर्रा उलट हळू जातो. साध्या बांधणीच्या रायफलीत म्हणूनच पहिले काही छर्रे मंद, मधले जोरदार आणि एकसारखे, आणि शेवटचे पुन्हा मंद असा चढ-उतार दिसतो. जास्त भरले म्हणजे जास्त जोर, हे खरे नाही.

स्पर्धेच्या रायफलीत हा चढ-उतार टाळण्यासाठी रेग्युलेटर बसवलेला असतो. घरच्या गॅसच्या रेग्युलेटरसारखेच त्याचे काम. सिलिंडरमध्ये २०० बार असो वा १००, तो पुढे एकच ठरावीक दाब सोडतो. समजा तो ७० बारवर लावला आहे. मग सिलिंडर २०० वरून ७० वर येईपर्यंत २६ लिटर हवा कामाची. दर छर्‍याला लिटरचा दहावा भाग लागला, तर २६० छर्रे एकसारख्या वेगाने जातील. आता कुणी जोर वाढवायचा म्हणून रेग्युलेटर १०० बारवर नेला आणि दर छर्‍याला दुप्पट हवा लागू लागली, तर? कामाची हवा उरली २० लिटर आणि छर्रे फक्त १००. जोर वाढवला की मोजणी घटते. घरखर्चासारखेच आहे हे.

आणि दाब रेग्युलेटरच्याही खाली गेला की मात्र इलाज नाही. भाचीचे नेमके तेच झाले होते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्‍याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. तो १६० वर आला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाने छर्रा सुमारे २ मिलिमीटर खाली लागतो. दशांशाच्या हिशेबात हे ०.८ गुण झाले. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने ७००.५ गुणांवर सुवर्णपदक जिंकले, तेव्हा दुसर्‍या क्रमांकाच्या झू चिनानचे ६९९.७ होते. फरक बरोबर ०.८!

हे दुखणे जुनेच आहे बरं का. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक होती. तिची टाकी भरायला पंपाचे सुमारे दीड हजार झटके मारावे लागत आणि तीसएक गोळ्यांनंतर तिचा दम उतरे. रेग्युलेटर नव्हता, त्यामुळे दर गोळीला जोर थोडा थोडा कमीच होत जाई.

ज्यांच्या घरी मुले नेमबाजी शिकतात, त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सिलिंडरवर लिहिलेल्या दाबापुढे कधीही भरू नये. सिलिंडरला मुदत असते, स्पर्धेच्या नियमांनुसार जास्तीत जास्त १० वर्षे. ती उलटली की ते बाद करावे. हवेऐवजी ऑक्सिजन तर चुकूनही भरू नये. आजारपणात आणलेले ऑक्सिजनचे सिलिंडर हल्ली काही घरांत असते, पण दाबाखालचा ऑक्सिजन तेल-ग्रीसला लागला की भडका उडू शकतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे, गुण घसरले की मुलाला बोलण्याआधी काटा पाहावा. छर्रे एकामागोमाग सरळ खाली उतरत असतील, तर हवेवर संशय घ्यावा. इकडेतिकडे विखुरले असतील, तर श्वास, नजर किंवा हात.

त्या रविवारी भावोजी रेघेपाशी थांबले. भाचीने साठ छर्रे मारले. तेविसाव्याला आठ पडला, बाकीचे बरे गेले. शेवटचे दहा तर पहिल्या दहासारखेच. बक्षीस काही मिळाले नाही.

परतताना भावोजी हळूच म्हणाले, "तो आठ... हवा कमी पडली का गं?"

भाची हसली. "नाही बाबा. काटा पाहिला होता मी. तो माझाच होता. मावशी खोकली तेव्हा माझं लक्ष गेलं."

पुढच्या वेळी मी खडीसाखर घेऊन जाणार आहे.