‘जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत निवड’ म्हणजे नेमकं काय झालं?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की वडवणीपासून बीडपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर फिरायला लागतं. सरांचा फोटो, शेजारी फुलं आणि खाली ठळक अक्षरात, ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत निवड’. मग अभिनंदनांचा पाऊस.

आता पहिली गोष्ट. ही निवड नसते. कुणी अर्ज करत नाही, कुठली समिती बसत नाही.

स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक डेटाबेस काढला. स्कोपसमधले शोधनिबंध घ्यायचे आणि त्यांना किती सायटेशन मिळाली, म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या निबंधात त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, हे मोजायचं. त्यावरून प्रत्येकाचा सी-स्कोर निघतो. पहिले १ लाख, किंवा आपल्या उपविषयातले वरचे २ टक्के, यादीत येतात. एल्सव्हियरच्या साइटवर ही फाइल फुकट मिळते.

याद्याही दोन असतात. एक आख्ख्या करिअरची, दुसरी फक्त एका वर्षाची. पोस्टरवर यातली कुठली, ते क्वचितच लिहिलेलं असतं. फरक मात्र मोठा आहे.

सी-स्कोर कसा चालतो, हे पुण्यातल्या एका नावावरून बघू. श्रीधर गद्रे, पुणे विद्यापीठाचे क्वांटम केमिस्ट, १९९३ च्या भटनागर पुरस्काराचे मानकरी. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट पार यांच्यासोबत त्यांचा एक निबंध आला. लेखकांचा क्रम पार, गद्रे, बार्टोलॉटी. गद्रे मधले. एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्समध्ये हा निबंध त्यांच्या नावावर धरला जातो. (एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० सायटेशन असलेले २० निबंध. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये काढलेलं माप.) पण सी-स्कोरच्या सहापैकी तीन घटकांत एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखकच मोजतात. तिथे मधल्याला शून्य.

उलट १९९० मध्ये पाठक आणि गद्रे या दोघांनी सिद्ध केलं, की रेणूच्या विद्युत पोटेन्शियलची शिखरं फक्त अणुकेंद्रांवरच असतात, मधे कुठेच नाहीत. दोनच लेखक, गद्रे शेवटचे, म्हणून श्रेय मोजलं जातं. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ आणलं. कॉम्प्युटरला न झेपणारा मोठा रेणू कापायचा, तुकड्यांचं गणित करायचं आणि परत शिवायचं. थेट शिंप्याचं काम!

मग जास्त सायटेशन म्हणजे मोठा शोध का? याच रॉबर्ट पार यांचा ली आणि यांग यांच्यासोबतचा १९८८ चा निबंध घ्या. ‘नेचर’ने २०१४ मध्ये जगातल्या सर्वाधिक सायटेशनच्या निबंधांची यादी केली, त्यात तो सातवा होता, ४६ हजारांच्या वर. कारण त्यातलं सूत्र रसायनशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलं आणि ते वापरणारा प्रत्येक जण संदर्भ देत गेला. पहिल्या नंबरवर प्रोटीन मोजायची १९५१ ची पद्धत होती, ३ लाखांच्या वर. म्हणजे हत्यार बनवणाऱ्याला सायटेशन भरभरून मिळतात. एखादं प्रमेय सिद्ध करणाऱ्याला तेवढी मिळतीलच असं नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

आकडा फुगवताही येतो. स्वतःचेच जुने निबंध उद्धृत करा, मित्रांना करायला सांगा.

त्यामुळे वडवणीतून एमएस्सी करून पीएचडीसाठी गाइड शोधत असाल, तर पोस्टरवर थांबू नका. तुमची चार-पाच वर्षं त्या माणसाच्या लॅबमध्ये जाणार आहेत. एक्सेल फाइल उघडा, नाव शोधा. स्वतःची सायटेशन वगळून रँक किती, ते त्यातच दिलंय. सेल्फ-सायटेशनची टक्केवारी वेगळ्या रकान्यात आहे. २०२४ पासून मागे घेतलेल्या निबंधांची संख्याही येते. मग त्यांचे दोन निबंध काढा आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, बघा. फाइल मोबाईलवर उघडायला जड जाते, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसा.