दिव्याचे बटण कोणाच्या हाती?

दिवा लावणे हे घरातले सर्वांत बिनबोभाट काम. दिवेलागणीला घरातले कोणीही उठते, न बघता भिंतीकडे हात नेते आणि बटण दाबते. त्यासाठी शिक्षण लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही आणि नवा बल्ब आणताना होल्डर कोणत्या कंपनीचा आहे, हे दुकानदार विचारत नाही. आपल्याकडच्या बल्बची दोन खुंट्यांची टोपी २२ मिलिमीटरची असते. ती कोणीही बनवलेली असो, कोणाच्याही होल्डरमध्ये बसते. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर गेले आणि जुन्याच होल्डरांत बसले. बल्बच्या आतले तंत्र पार बदलले, टोपी मात्र बदलली नाही. हा उत्पादकांमधला एक जुना करारच आहे. पण तो इतका मुरलेला आहे की करार म्हणून तो आपल्या डोळ्यांना दिसतही नाही.

तो दिसतो केव्हा, तर घरात ‘स्मार्ट’ दिवे आले म्हणजे.

आमच्या घरी ते हौसेपोटी आले नाहीत. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. रात्री दोनतीनदा उठते. तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत बारा पावलांचा पॅसेज आणि त्याचे बटण नेमके दुसऱ्या टोकाला. या वयात अंधारातले एक पाऊल चुकले तर पुढचे सहा महिने काय होते, हे ज्यांच्या घरात म्हातारे माणूस आहे त्यांना सांगायला नको. रात्रभर दिवा जळत ठेवला तर तिला झोप लागत नाही. तेव्हा तिची चाहूल लागताच पॅसेजमधला दिवा मंद लागावा आणि ती परत निजल्यावर आपोआप विझावा, एवढीच अपेक्षा. त्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बल्ब, हालचाल टिपणारा एक छोटा सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा एक नियंत्रक, ज्याला बाजारात ‘हब’ म्हणतात, असा सरंजाम जमवला. पुढच्या महिनाभराच्या खटाटोपात जे दिसले ते माझ्या एकट्याच्या घरापुरते नाही, म्हणून ते इथे मांडतो.

पहिला बल्ब वाय-फायवर चालणारा. तो होल्डरमध्ये बसवल्यावर उघडझाप करू लागला. खोक्यावरच्या सूचनेप्रमाणे फोनवर कंपनीचे अ‍ॅप घेतले. अ‍ॅपने आधी खाते उघडायला लावले, मग मोबाइल क्रमांक मागितला, मग मी कुठे राहतो हे पाहण्याची मुभा मागितली. साठ-सत्तर वर्षांत कोणत्याही बल्बने आमच्या घराला एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. इतके होऊनही ‘उपकरण सापडले नाही’ हे पालुपद कायम. अखेर भाचा आला. त्याने फोन हातात घेतला आणि म्हणाला, “मामा, तुझा फोन पाच गिगाहर्ट्झवर आहे, बल्बला फक्त दोन पॉइंट चारच कळतं.” राउटर घरात दोन वेगवेगळ्या कंप्रतांवर बोलत असतो. त्यांतली २.४ गिगाहर्ट्झची वाट भिंतीपलीकडे लांब पोचते, तिचे सुटे भाग स्वस्त असतात, म्हणून बहुतेक स्मार्ट बल्ब तेवढी एकच वाट ओळखतात. दोन्ही वाटांना एकच नाव दिलेले असले की बिचाऱ्या ग्राहकाला काहीच उमगत नाही. खोक्यावर मात्र ‘तीन मिनिटांत जोडा’ असे ठसठशीत छापलेले होते.

दुसऱ्या कंपनीचा बल्ब ‘झिग्बी’ भाषा बोलणारा. मधमाश्या नाचून एकमेकींना मधाचा ठाव सांगतात, त्यावरून हे नाव पडले. कल्पना खरोखर सुरेख आहे: प्रत्येक बल्ब स्वतःचा निरोप तर घेतोच, पण शेजारच्याचा निरोपही पुढे पोचवतो. त्यामुळे घरात दिवे जितके अधिक तितके जाळे घट्ट. पण एकाच भाषेत किती बोली असाव्यात? पूर्वी दिव्यांसाठी एक बोली आणि घराच्या इतर यंत्रणेसाठी दुसरी, असा प्रकार होता. २०१६ च्या सुमारास ‘झिग्बी ३.०’ने त्या एकत्र आणल्या, तरी जुना माल आणि आपापले खास चाळे शिल्लक राहिलेच. आमच्या हबने बल्ब ओळखला, पण तो फक्त चालू-बंद होईना का, मंद काही होईना! हबमधली माहिती अद्ययावत केल्यावर तो मंद झाला. मग सेन्सर मधूनच गप्प बसू लागला. वाय-फाय आणि झिग्बी एकाच पट्ट्यात बोलतात आणि आमचा हब नेमका राउटरला खेटून ठेवलेला. बाजारात दोघांनी एकाच वेळी ओरडावे तसे चालले होते. हब दोन हात लांब सरकवल्यावर सेन्सरला कंठ फुटला.

खरी परीक्षा पुढेच होती आणि ती घेतली आईने. रात्री निजण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणे बंद करायची, ही तिची आयुष्याची सवय. तिने पॅसेजचे बटण बंद केले आणि बल्बचा वीजपुरवठाच तुटला. ज्याला वीज नाही त्याला निरोप कसा पोचणार? शिवाय त्याच्यामार्फत बोलणारा सेन्सरही जाळ्याबाहेर पडला. यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय असा, की बटणावर चिकटपट्टी लावा आणि घरातल्यांना ते बंद न करण्याची ताकीद द्या. चिकटपट्टी बघून आई म्हणाली, “अरे, दिवा विझवायचा नाही तर बटण ठेवलंय कशाला?”

या प्रश्नाला उत्तर नाही. बल्बऐवजी बटणच स्मार्ट करावे, हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. पण वायरमनने बोर्ड उघडला आणि मान हलवली, “काका, यात न्यूट्रल नाहीये.” जुन्या बांधकामांत दिव्याच्या बटणापर्यंत अनेकदा फक्त फेज आणलेली असते, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. स्मार्ट बटणाला स्वतः जागे राहायला सतत थोडी वीज लागते, म्हणून त्याला बहुधा दोन्ही तारा हव्यात. न्यूट्रलची तार ओढून घेतली, मगच ते बसले. आता भिंतीवरचे बटण आई दाबते, सेन्सरही त्यालाच हुकूम देतो आणि दोघांचे पटते.

वीज जाण्या-येण्याचा विचार तर या मालात जेमतेम केलेला दिसतो. पुष्कळ स्मार्ट बल्ब मूळ रचनेनुसार वीज परत येताच पूर्ण उजेडाने लागतात. मध्यरात्री गेलेली वीज अडीच वाजता आली की झोपलेले घर लख्ख! ही रचना बहुतेकांत बदलता येते, पण ती कुठे दडली आहे हे शोधावे लागते. काही बल्ब तर चार-पाच वेळा भराभर चालू-बंद केले की सगळी ओळख विसरून कोरे होतात. पावसाळ्यात विजेने लपंडाव मांडला, की हे काम बटणाला हातही न लावता पार पडते.

तांत्रिक अडचणी सुटतात, आमच्याही सुटल्या. पॅसेजचा दिवा आता वेळेवर लागतो आणि आई भिंत न चाचपता जाते-येते. म्हणूनच ‘हे सगळे श्रीमंतांचे चोचले, दहा रुपयांचे बटण काय वाईट?’ असे म्हणून हा विषय झटकून टाकणे मला पटत नाही. ज्याचे गुडघे धड नाहीत, ज्याला नीट दिसत नाही, ज्याचा हात बटणापर्यंत पोचत नाही, त्याला या दिव्यांची गरज तरुण हौशी माणसापेक्षा कितीतरी अधिक आहे. आणि नेमक्या त्याच माणसाला ही जोडणी स्वतःच्या बळावर जमणार नाही, अशी तिची आजची घडण आहे. विरोध दिव्याला नाही. दिव्याची सूत्रे कोणाकडे जात आहेत, हा प्रश्न आहे.

ती दोन ठिकाणी जातात. एक, घरातल्या घरात. पूर्वी बटण सर्वांचे होते: आजीचे, पाहुण्याचे, कामाला येणाऱ्या बाईंचे, सहा वर्षांच्या नातवाचेही. आता ज्याच्या फोनवर अ‍ॅप तो दिव्यांचा धनी. तो गावाला गेला की बाकीच्यांनी त्याला फोन करून दिवा लावायला सांगायचा. दोन, घराबाहेर. एका संध्याकाळी आमचे इंटरनेट बंद पडले. वाय-फायचा बल्ब फोनचे ऐकेना, कारण त्याचा हुकूम आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन मग आमच्या दिवाणखान्यात येत होता. घरातल्या हबवर चालणारा पॅसेजचा दिवा मात्र नेहमीप्रमाणे लागला. दोन्ही खोकी ‘स्मार्ट’. पण एकाची बुद्धी घरात राहते, दुसऱ्याची परगावी.

परगावच्या बुद्धीचे पुढे काय होते, याचे दाखले आहेत. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा सुमारे तीनशे डॉलरचा हब होता. २०१४ साली ‘नेस्ट’ने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. पैसे मोजून घेतलेली धडधाकट यंत्रे एका दिवसात निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेतली, तेव्हा सेवा परत सुरू झाली. याउलट १९७५ साली निघालेली ‘एक्स-टेन’ ही पद्धत घराच्याच विजेच्या तारांतून निरोप धाडत असे. ती ओबडधोबड होती, मधूनमधून चुकत असे, पण दिवा लावण्यासाठी तिला घराबाहेरच्या कोणाचीही परवानगी लागत नसे.

मुंबईला हा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये पहिल्यांदा विजेचे दिवे लागले. ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या उजेडात गेली. त्या काळी वीज बनवणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते, तेव्हा कंपनीवर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज घरात वीज आहे, तारा आहेत, बल्ब आहे. तरीही तो लागेल की नाही हे एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर ठरावे, ही आपणहून पत्करलेली लाचारी आहे.

सुदैवाने वारे थोडे फिरले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ नावाची सामाईक बोली जाहीर झाली. अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन आणि गुगल या एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या कंपन्या तिच्यामागे आहेत आणि दिवा व नियंत्रक यांचे बोलणे घरातल्या घरात व्हावे, हा तिचा पाया आहे. २०१३ पासून विकसित होत आलेली ‘होम असिस्टंट’ ही खुली प्रणाली कोणीही आपल्या घरच्या लहानशा संगणकावर विनामूल्य चालवू शकतो. तिच्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे एका छपराखाली नांदतात. पण ती बसवायला अजूनही भाचा लागतो.

म्हणून मागण्या ग्राहकांनीच करायला हव्यात, आणि त्या अवघड नाहीत. इंटरनेट नसताना हा दिवा काय काय करू शकतो, हे खोक्यावर छापा. सुधारणा किती वर्षे पुरवणार, तेही छापा. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी एका इमारतीतले झिग्बी दिवे बाहेरून ड्रोनच्या साह्याने ताब्यात घेऊन दाखवले होते. तो दोष दुरुस्त झाला, कारण दुरुस्त करणारी कंपनी जागेवर होती. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षाविषयक सुधारणा किमान किती काळ देणार, हे जाहीर करावेच लागते. भारतीय मानक ब्युरोने वायरी आणि प्लग-सॉकेट यांना शिस्त लावली, तशी दिव्यांच्या या नव्या बोलीलाही लावावी. बिल भरणाऱ्यासाठी आणखी एक ओळ हवी: बल्ब विझलेला असताना किती वीज खातो? असा बल्ब निरोपाची वाट पाहत साधारण अर्धा वॅट खात असतो. नऊ वॅटचा बल्ब रोज चार तास जळला तर वर्षाला सुमारे तेरा युनिटे होतात. उरलेल्या वीस तासांच्या नुसत्या जागरणाची साडेतीनहून अधिक.

आणि सर्वांत आधी, भिंतीवरचे बटण. ते दाबल्यावर दिवा लागला पाहिजे आणि पुन्हा दाबल्यावर विझला पाहिजे. मग इंटरनेट असो वा नसो, फोन कोणाकडेही असो, कंपनी हयात असो वा नसो. सेन्सर, वेळापत्रक, रंग, हुकूम ही सगळी त्यावरची भर. ज्या दिव्याला एवढी अट पाळता येत नाही, तो कितीही हुशार असला तरी दुकानातच राहू द्यावा. दुकानदाराला विचारायचे एवढेच: नेट गेल्यावर हा लागतो का, आणि माझ्या आईला तो लावता येईल का?