पडद्यामागचा पंतप्रधान

२६ मे २०१९ च्या रविवारी रुमानियाच्या मतदारांनी सत्ताधारी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जेमतेम २२ टक्के मतांवर आणून ठेवले. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पक्षाध्यक्ष लिव्हिउ द्राग्निया यांची साडेतीन वर्षांची शिक्षा कायम केली आणि त्यांची रवानगी बुखारेस्टच्या राहोवा तुरुंगात झाली. अडीच वर्षांत एकामागून एक तीन पंतप्रधान नेमणाऱ्या या नेत्याला स्वतः मात्र त्या पदावर कधीच बसता आले नाही.

द्राग्निया यांची वाटचाल म्हणजे एका भ्रष्ट नेत्याची कहाणी, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मग ते एवढ्या वर पोहोचले कसे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर राजधानीत नव्हे, तर दक्षिणेकडील तेलेओर्मान या गरीब, शेतीप्रधान जिल्ह्यात सापडते. २००० ते २०१२ या काळात ते तेथील जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते. अशा नेत्यांना रुमानियात ‘स्थानिक बॅरन’ म्हणतात. जिल्ह्यातील रस्ते, इस्पितळे, बालकल्याण यांचा पैसा परिषदेच्या हातून जातो; त्यामुळे गावोगावच्या महापौरांना अध्यक्षाची मर्जी सांभाळावी लागते आणि मतदानाच्या दिवशी हेच महापौर मतदारांना केंद्रापर्यंत आणतात. द्राग्निया यांची ताकद व्यासपीठावर नव्हती, ती या यंत्रणेत होती. २००९ मध्ये अवघे काही दिवस लाभलेले गृहमंत्रिपद हातचे गेले, तरी त्यांचे फारसे बिघडले नाही ते त्यामुळेच.

या यंत्रणेनेच त्यांना पहिला तडाखा दिला. जुलै २०१२ मध्ये अध्यक्ष त्रायान बसेस्कू यांना पदच्युत करण्यासाठी सार्वमत झाले. कौल बसेस्कू यांच्या विरोधात गेला. पण निम्म्या मतदारांनी मतदान करण्याची अट होती आणि आकडा ४६ टक्क्यांवर अडकला. बसेस्कू बचावले. मतदान वाढवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा खटला मात्र पक्षाचे सरचिटणीस द्राग्निया यांच्यावर चालला आणि एप्रिल २०१६ मध्ये दोन वर्षांची स्थगित शिक्षा कायम झाली.

तोवर पक्ष त्यांच्या मुठीत आला होता. पंतप्रधान व्हिक्टर पोंता यांच्यावर २०१५ मध्ये भ्रष्टाचाराचे आरोप ठेवले गेले आणि त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. (पुढे २०१८ मध्ये पोंता निर्दोष सुटले, पण राजकारणात तीन वर्षे फार मोठी असतात.) ती जागा त्यांचेच सहकारी द्राग्निया यांनी घेतली. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत त्यांनी पक्षाला सुमारे ४५ टक्के मते मिळवून दिली. एरवी पंतप्रधानपद चालून आले असते. परंतु शिक्षा झालेल्या व्यक्तीला मंत्रिमंडळात स्थान नाही, असा २००१ चा कायदा आडवा आला.

मग सुरू झाला पर्यायी पंतप्रधानांचा शोध. सेविल शायदे यांचे नाव अध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी फेटाळले. सोरिन ग्रिंद्यानू यांचे मान्य झाले. त्यांच्या सरकारने ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक वटहुकूम काढला. दोन लाख लेऊपेक्षा कमी नुकसान झाले असेल, तर पदाचा गैरवापर गुन्हा ठरणार नव्हता. द्राग्निया यांच्यावरील नव्या खटल्यातील रक्कम नेमकी या मर्यादेच्या आत बसत होती! कडाक्याच्या थंडीत लाखो लोक रस्त्यावर उतरले. १९८९ च्या क्रांतीनंतरची ही सर्वांत मोठी निदर्शने होती आणि सरकारला वटहुकूम मागे घ्यावा लागला.

जूनमध्ये द्राग्निया यांनी ग्रिंद्यानू यांना राजीनामा देण्यास सांगितले. ते अडून बसले, एवढेच नव्हे तर पोंता यांना त्यांनी सरकारचे सरचिटणीस म्हणून सोबत घेतले. तेव्हा सत्ताधारी पक्षाने आपल्याच सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आणला आणि २१ जून २०१७ रोजी तो २४१ मतांनी मंजूर करून घेतला. नंतरचे मिहाय तुदोसे सात महिन्यांतच गेले. जानेवारी २०१८ मध्ये आल्या व्हियोरिका दंचिला, रुमानियाच्या पहिल्या महिला पंतप्रधान, त्याही तेलेओर्मानच्याच. त्यांच्या काळात भ्रष्टाचारविरोधी अभियोग विभागाच्या प्रमुख लौरा कोद्रुत्सा कवेशी यांना पदावरून दूर करण्यात आले.

ग्रिंद्यानू सरकार पडल्याला बरोबर एक वर्ष झाले, त्याच तारखेला द्राग्निया यांना साडेतीन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. प्रकरण कोट्यवधींच्या कंत्राटाचे नव्हते. तेलेओर्मानच्या बालकल्याण कार्यालयात दोन महिला कागदोपत्री नोकरीला होत्या. पगार सरकारी आणि काम पक्षाचे. जिल्हा व पक्ष यांतील सीमारेषा पुसून मिळवलेली सत्ता त्याच सीमारेषेवर अडखळली. पहिला खटला मतदानाचा, दुसरा पगारपत्रकाचा. दोन्हींचे मूळ एकच.

द्राग्निया जुलै २०२१ मध्ये तुरुंगाबाहेर आले. कवेशी तोवर युरोपीय संघाच्या पहिल्या मुख्य अभियोक्ता झाल्या होत्या. आणि पक्षाने ज्यांना अविश्वास ठरावाने घालवले होते, त्या ग्रिंद्यानू यांच्याकडेच २०२५ मध्ये त्या पक्षाची सूत्रे आली.