लाकडाची धूळ आणि घरच्या वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर

घराच्या ओसरीत, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडी ठेवायच्या जागेत सुतारकाम करणारे शेगावात कमी नाहीत. काहींचा हा पिढीजात धंदा, तर काहींनी निवृत्तीनंतर हौसेने सुरू केलेलं काम. देवघर, चौरंग, पाट, नातवाच्या अभ्यासाचं टेबल असं काहीबाही चालू असतं. यांच्यापैकी कुणी खोकला घेऊन आलं की मी धुळीबद्दल विचारतो, आणि मग बहुतेक वेळा उलट प्रश्न येतो: "मग डॉक्टर, एखादा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन टाकू का? कोणता घेऊ?"

दुकानात याचं उत्तर वॅट आणि लिटरमध्ये मिळतं. १२०० वॅट, १४०० वॅट, २० लिटरची टाकी. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते तो आकडा. ती किती हवा ओढते हे त्यावरून नीट कळत नाही. आणि मी तर त्याही पुढचं बघायला सांगतो: मशीनच्या मागून जी हवा बाहेर पडते, ती किती स्वच्छ आहे?

असं का म्हणतो, त्यासाठी आधी धूळ समजून घ्यावी लागेल. आपल्या आजोबांच्या काळात करवत, रंधा आणि पटाशी होती. रंध्यातून ढलप्या निघतात, त्या खाली पडतात आणि चुलीत जातात. नाकात जाण्याइतक्या त्या बारीक नसतात. आता हातात इलेक्ट्रिक सँडर, राउटर आणि गोल पात्याची कटर मशीन आहे. सँडरची पावडर मैद्यासारखी असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. या पावडरीतले कितीतरी कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान. मोठे कण नाक अडवतं, पण हे बारीक कण छातीत खोलवर उतरतात. शिवाय ते तासन् तास हवेत तरंगत राहतात. मशीन बंद केली, मास्क काढला, चहा घेतला, तरी ते तिथेच असतात.

ही धूळ "साधी लाकडाची, नैसर्गिक" म्हणून सोडून देण्यासारखी नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं खुर्च्या-फर्निचरसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या लाकूड कामगारांमध्ये नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एक दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतोय, हे १९६०च्या दशकात कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मी हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकली. घाबरून जाऊ नका. हा आजार फार दुर्मीळ आहे आणि तो वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या कारागिरांमध्ये आढळला आहे. ओपीडीत रोज दिसतात ते वेगळे त्रास: सतत वाहणारं नाक, शिंका, खोकला, दमा. सागवान आणि शिसवाच्या धुळीने काहींच्या हातावर, मानेवर खाजही सुटते. एमडीएफ आणि प्लायवूड कापताना लाकडासोबत त्यातला फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकही उडतो, म्हणून ती धूळ मला जास्त नावडते.

आपल्या भागात जिनिंगमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कापसाच्या धुळीने सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, हे अनेकांनी घरात पाहिलेलं आहे. धूळ कापसाची असो की लाकडाची, छाती तिचा हिशेब ठेवते.

आता सफाईकडे येऊ. दिवसभराचं काम झाल्यावर भुसा झाडायचं काम बहुतेक घरांत बायको, आई किंवा सून करते. तिच्या तोंडावर मास्क नसतो. सुताराने खाली बसवलेली सगळी पावडर फड्याने पुन्हा हवेत उडते आणि तिच्या नाकात जाते. म्हणून व्हॅक्यूम घ्या असं मी म्हणतो, पण चुकीचा व्हॅक्यूम फड्यापेक्षा वाईट. ढलप्या आणि जाडा भुसा तो टाकीत ठेवतो, बारीक पावडर मात्र मागच्या जाळीतून जोरात खोलीभर फेकतो. फरशी चकाचक होते आणि हवा खराब. तपासायचं असेल तर रात्री खोलीत अंधार करा, मशीन चालू करून थोडा भुसा ओढा आणि मागून निघणाऱ्या हवेत मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. काय दिसतं ते बघा.

माझी पसंती ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या, चाकं असलेल्या छोट्या ड्रमच्या मशीनला आहे. हातात धरायचे बॅटरीवाले छोटे व्हॅक्यूम गाडीतल्या सीटसाठी ठीक. सँडरच्या पावडरीने त्यांचा इवलासा फिल्टर काही मिनिटांत बुजतो. ड्रमच्या मशीनसोबत बऱ्याचदा स्पंजची एक काळी टोपी मिळते. ती पाणी ओढण्यासाठी असते. अनेक जण तीच लावून भुसा ओढतात, आणि इथेच सगळा घोळ होतो. कोरड्या धुळीसाठी घडीचा कार्ट्रिज फिल्टर हवा, शक्यतो हेपा. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोक्यावर नुसतं "हेपा टाइप" लिहिलं असेल तर टक्केवारी विचारा. दुकानदाराला सांगता आली नाही तर पुढचं दुकान बघा. फिल्टर बसतो तिथलं रबर नीट दाबलं जातंय का, हेही हाताने पाहा. फटीतून हवा जात असेल तर महागडा फिल्टरही शोभेचा.

टाकीत कापडी नव्हे, न विणलेल्या जाड कागदासारखी टाकून द्यायची पिशवी बसत असेल तर फार उत्तम. पिशवी तोंड बंद करून फेकता येते, टाकी उपडी करताना पुन्हा ढग उडत नाही. पिशव्यांचा खर्च वाढतो, हे मान्य. तो वाचवायचा असेल तर मशीनच्या आधी झाकणाच्या बादलीवर सायक्लोन बसवतात. बहुतेक भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर बराच काळ मोकळा राहतो. युरोपात लाकडाच्या धुळीसाठी "एम" वर्गाची मशीन वापरतात, त्यातून धुळीचा ०.१ टक्क्यापेक्षा कमी भाग बाहेर पडू देतात. धंदा मोठा असेल तर तिचा विचार करा. हौसेच्या कामाला ती परवडणार नाही.

पण व्हॅक्यूमचा खरा उपयोग काम संपल्यावर नाही, काम चालू असताना आहे. सँडरला मागे धूळ निघायचं तोंड असतं. पाइप तिथेच जोडा. मापं जुळत नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा छान बसतो. धूळ उडण्याआधी पकडली की झाडायला उरतंच किती? फक्त दोन्ही मशीन एकाच ६ अँपिअरच्या बोर्डावर लावू नका.

मास्क तरीही हवाच, एन-९५ किंवा एफएफपी-२. रुमाल चालत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय काम होत नाही हे खरं, पण कूलरचा झोत सँडरवर सोडला की कुठलाच व्हॅक्यूम पुरत नाही. झोत पाठीमागून, दाराबाहेर जाईल असा ठेवा. ग्राइंडरच्या ठिणग्या, विडीचं थोटूक किंवा थिनर सांडलेला भुसा कधीही ओढू नका, टाकीत आग लागू शकते. फिल्टर अंगणात, मास्क लावून, वारा पाठीशी घेऊन झटका. घरात पाळणा असेल तर तिथे नकोच.

आणि दवाखान्यात याल तेव्हा कामाचं आपणहून सांगा: लाकूड कोणतं, मशीन कोणती, सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का. सुट्टीत बरं वाटून कामावर पुन्हा दम लागत असेल, तर तो दमा कामामुळे असण्याची शक्यता बरीच वाढते. एकाच बाजूचं नाक सतत बंद राहत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा वास कळेनासा झाला असेल, तर थांबू नका. सर्दीच्या गोळ्या खात महिना काढण्यापेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या.